खर्चाची वही



भाषणाची मला सवय नाही. घरखर्चाची वही तेवढी घेऊन आले आहे. २०१६ साली आपल्या पनवेलची महानगरपालिका झाली, २०२४ साली अटल सेतूने मुंबई जवळ आली, २०२५ साली शेजारी विमानतळ सुरू झाला. गावाची शोभा वाढली खरी, पण घरभाडे विमानाच्या आधीच आभाळाला भिडले! ह्यांचा पगार मात्र जागच्या जागी.

गेल्या वर्षी भाडे वाढले, तेव्हा मी दूध अर्धा लिटर कमी केले. ह्यांना सांगितले नाही. सासूबाईंनी मुकाट्याने आपला पेला धाकट्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून वही मी सर्वांसमोर उघडते. या महिन्यात धाकट्याची शिकवणी की सासूबाईंची औषधे, हे आज रात्री तिघांनी बसून ठरवायचे आहे.