‘शपथ’ पुन्हा वाचताना

(चंद्रपूर इथं तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



माझ्या नावापुढं ‘भयकथा’ हा विषय बघून काहीजण हसले. हसा. भयकथा म्हणजे एस.टी. स्टँडवर घ्यायची, रातभर वाचायची आणि सकाळी रद्दीत टाकायची, असं प्रस्थापित समीक्षकांनी ठरवून टाकलंय. एरवी आपण त्यांचं काही ऐकत नाही, हे मात्र निमूट ऐकलं. मला विचाराल तर चंद्रपूर-गडचिरोलीत भीती हा राजकीय प्रश्न आहे. म्हणून आज एका भुताच्या पुस्तकाबद्दल बोलतो.

पुस्तक नारायण धारपांचं. ‘शपथ’. १९२५ साली जन्मलेला आणि २००८ साली गेलेला हा लेखक. त्यानं मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली. ‘शपथ’ बेतलेली आहे स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९८६ सालच्या ‘इट’ या कादंबरीवर. लहानपणीचे मित्र. गावाखाली दबा धरून बसलेलं काहीतरी. ते पोरांना खातं. ही पोरं त्याच्याशी लढतात आणि शपथ घेतात, की हे परत आलं तर आपणही परत यायचं. मोठेपणी त्यांना खरंच परत यावं लागतं.

मी हे पुस्तक शाळेत असताना वाचलं. जंगलाला लागून आमचं गाव. आम्ही तिघं दोस्त. मी बौद्ध वस्तीतला, एक माझ्याच वस्तीतला एका म्हातारीचा नातू, आणि एक गोंड मोहल्ल्यातला. पुस्तकाची पुढची पानं गेलेली. बोडीच्या पाळीवर बसून मी मोठ्यानं वाचायचो, बाकी दोघं ऐकायचे. वाचून झाल्यावर आम्हीही शपथ घेतली. “एकमेकाले सोडाचं नाही, का बी होवो.”

भीती आम्हाला नवी नव्हती. मोहफुलाच्या दिवसांत माय अंधारातच जंगलात जायची. ती टोपली घेऊन परत येईपर्यंत वाघाची, अस्वलाची भीती पोटात असायची. पण ती खरी भीती होती. वाघ वाघासारखाच दिसतो, दुसऱ्या कुणाचं रूप घेत नाही.

त्या पावसाळ्यात गावात एक लेकरू तापानं गेलं. बहुतेक हिवतापच असावा. दवाखाना लांब, रस्ता चिखलात. लेकराला डॉक्टर का मिळाला नाही, हे कुणी विचारलं नाही. मांत्रिकानं सांगितलं, करणी आहे. बोट दाखवलं ते माझ्या दोस्ताच्या आजीकडं. विधवा बाई. झाडपाल्याचं औषध द्यायची. माझ्या खरजेवर तिनंच पाला वाटून लावला होता.

रात्री लोक तिच्या दारात जमले. आम्ही पोट्टे पुढं. कुणीतरी माझ्या हातात दगड दिला आणि मी तो मारला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दोस्त दारातच उभा होता. त्यानं मला पाहिलं. घरी आलो तर माय म्हणाली, “आपल्याले का करा लागते, दार लाव.” मी दार लावलं. सकाळी ते घर रिकामं होतं. कुठं गेले, आजवर कळलं नाही.

आमची शपथ एक पावसाळाही टिकली नाही.

हे मी वर्षानुवर्षं विसरलो होतो. गेल्या वर्षी ‘शपथ’ पुन्हा हाती आली, म्हणून मग मूळ ‘इट’ही मिळवून वाचली. लहानपणी मला भूत भ्यावदायक वाटलं होतं. या वेळी भूत बाजूला राहिलं, गाव भ्यावदायक वाटलं.

किंगच्या पुस्तकात गावाचं नाव डेरी. तिथलं भूत साधारण सत्तावीस वर्षांनी जागं होतं आणि ज्याला ज्याची भीती त्याचं रूप घेतं. पण ते जगतं कशावर? मोठी माणसं बघत नाहीत, त्यावर. गुंड पोरं एका मुलीच्या मागं लागतात तेव्हा एक गृहस्थ ओसरीत पेपर वाचत असतो. तो बघतो, उठतो, पेपराची घडी घालतो आणि घरात जातो. मी हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. “आपल्याले का करा लागते, दार लाव.” तोच माणूस आमच्या घरातही होता.

ऑगस्ट २०२१. आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातलं वणी खुर्द. जादूटोण्याच्या संशयावरून सात दलित माणसांना, त्यात म्हाताऱ्या बायाही, गावातल्याच लोकांनी खांबांना बांधून मारलं. भर गावात. मे २०२४. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातलं बारसेवाडा. एक बाई आणि एक पुरुष, दोघांना त्याच संशयावरून जाळून मारलं. आपण चंद्रपुरात बसून बातम्या वाचल्या आणि पेपराची घडी घातली.

आता कुणी म्हणेल, जंगलातले लोक अडाणी. हे शहरी शहाणपण मला मान्य नाही. करणीचा आळ गावच्या पाटलावर आलेला कधी ऐकलाय? सावकारावर? कंत्राटदारावर? आळ येतो तो विधवेवर, म्हातारीवर, एकट्यावर, ज्याच्या मागं कुणी नाही त्याच्यावर. मरण डॉक्टरविना येतं, आणि त्याचा राग दुबळ्यावर काढला जातो. भुतालाही आपल्या देशात जात कळते, मित्रांनो. आणि आपल्या वस्तीतल्या माझ्यासारख्या पोट्ट्याच्या हातूनही ते दगड मारून घेतं. हे कबूल केल्याशिवाय दुसऱ्याकडं बोट दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

‘इट’मधे सात मित्र आहेत. त्यांतला एक काळा. माइक हॅनलन त्याचं नाव. बाकी सहाजण गाव सोडतात, पैसा कमावतात आणि सगळं विसरतात. माइक गावातच राहतो. वाचनालयात नोकरी करतो आणि गावात झालेल्या प्रत्येक खुनाची, प्रत्येक जळिताची नोंद ठेवतो. १९३० साली काळ्या सैनिकांचा क्लब गोऱ्यांनी जाळला, ती हकिगत त्याला बापाकडून कळलेली असते. भूत परतल्यावर सगळ्यांना फोन करतो तो माइकच. ज्याच्या बापाला जाळायला निघाले होते, तोच विसरत नाही. हे किंगला बरोबर कळलं.

पण पुढं काय करतो हा लेखक? शेवटच्या लढाईच्या वेळी माइक जखमी होऊन इस्पितळात. नोंदी काळ्यानं ठेवायच्या, लढाई जिंकायची इतरांनी! आणि अखेरीस माइकच्या वहीतली अक्षरंही पुसट होत जातात. भूत मेलं, आता विसरा. इथं माझं भांडण आहे. आपलं भूत एका लढाईत मरणारं नाही. आपल्याला विसरणं परवडत नाही.

पुस्तकात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्या मुलीच्या न्हाणीघरात रक्त उडालेलं असतं. बापाला ते दिसतच नाही. दोस्तांना दिसतं. ते फडकी आणतात आणि सगळे मिळून पुसून काढतात. ज्यांना रक्त दिसतं, त्यांनीच ते पुसायचं असतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पण वणी खुर्द आणि बारसेवाडा त्या कायद्यानंतरचे. कागद आपोआप गावात पोचत नाही, तो पोचवावा लागतो. कुजबुज सुरू होते त्या पहिल्या दिवशी तिथं जावं लागतं. खांबाला बांधल्यावर गेलो तर उशीर झालेला असतो. म्हणून गावागावाची वही ठेवा. कुणावर आळ आला, कुणी घेतला, दवाखाना किती लांब, जमिनीचं भांडण कुणाशी. पोलिसांत जा. त्या म्हातारीच्या दारात जाऊन बसा.

याच शहरात, तेव्हाच्या चांद्यात, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. माझा आजा त्या गर्दीत होता. त्यानंही शपथ घेतली होती. घरी येऊन त्यानं शेंदूर फासलेला दगड उचलून बोडीत टाकला. त्याच्या नातवानं दगड उचलला तो एका म्हातारीला मारायला.

ते पुस्तक मी आता पुन्हा वाचणार नाही. त्या दोस्ताला शोधतोय. सापडला तर त्याच्यासमोर हेच सगळं बोलायचंय, जे आज तुमच्यासमोर बोललो.

जय भीम.