लंकेतला आपला शिपाई

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपली खराडी नगर रस्त्यावर. दर १ जानेवारीला याच रस्त्याने लाखो लोक पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या मानवंदनेसाठी जातात. १८१८ ची ती लढाई आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी आपली भरती बंद केली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली त्यासाठी विलायतेला अर्ज धाडला. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली; युद्धाची गरज सरली, १९२१ ला मोडली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. सैन्याची ही नोकरी आपल्याला कोणी दान दिलेली नाही, ती भांडून मिळवलेली आहे.

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते वेगळ्या लढाईबद्दल. श्रीलंकेत १९८३ पासून सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात यादवी पेटली होती. २९ जुलै १९८७ ला करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. गेली ती भांडण सोडवायला. ऑक्टोबर उजाडला तोच बंडखोरांशी तिचीच लढाई जुंपली. आपल्या सैन्यात सक्तीची भरती नाही. जो जातो तो राजीखुशीने जातो. मैदानात धावून, छाती मोजून भरती झालेल्या पोराने कधी मनात तरी आणले असेल का, की आपल्याला दुसऱ्याच्या घरच्या भांडणात उभे राहावे लागेल? भाषा कळेना. समोरचा गडी शेतकरी की बंदूकवाला, तेही ओळखू येईना. वाटेत सुरुंग पेरलेले.

तिथे आठवी महार होती. रेजिमेंटचे नाव महार, पण तीत अनेक प्रांतांचे, अनेक जातीधर्मांचे जवान एका ताटात जेवतात. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री झडती घेऊन परतताना या तुकडीवर बंडखोरांनी दबा धरून हल्ला केला. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी मागून वेढा घातला. समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागली, तरी त्यांनी शत्रूची रायफल हिसकावून त्यालाच पाडले आणि प्राण जाईपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या रात्री त्यांचे हुकूम ऐकून लढले ते साधे शिपाई. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली. अकराशेहून अधिक जवान परतले नाहीत. जिंकल्याचा ढोल नाही, मिरवणूक नाही. आज दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांची नावे कोरलेली आहेत, कोलंबोजवळही त्यांचे स्मारक आहे.

काहीजण विचारतात, बौद्धाने बंदूक धरावी का? रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलीय लढायला निघाले, तेव्हा सिद्धार्थाने आप्तांच्या त्या युद्धाला विरोध केला आणि घर सोडले. हे बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे. त्याच ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरकही दाखवला आहे. युद्ध सुरू करणे शिपायाच्या हाती नसते. पण मनात द्वेष ठेवायचा की नाही, निःशस्त्र माणसावर हात उचलायचा की नाही, एवढे त्याच्या हाती असते. शीलाची खरी परीक्षा तिथेच होते. ती परीक्षा देऊन आलेला माणूस आपल्या वस्तीत पेन्शनवर शांत बसलेला असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका. तो सांगणार नाही, त्याला विचारावे लागते. त्याच्या घरच्या माऊलीलाही विचारा. पत्राची वाट बघत तिनेही ती वर्षे काढली आहेत.

म्हणून आमची समितीला एकच विनंती. विहारात एक वही ठेवावी. सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, पलटण, भरतीचे साल आणि तो कुठे कुठे लढला, हे तरुणांनी घरोघर जाऊन लिहून घ्यावे. त्या पिढीची माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. स्तंभ उभारायला पैसा लागतो, वहीला फक्त पेन लागते.