पानी आणि पाणी
(गिरणगावातील कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आपण तोंड उघडलं की आपलं गाव बाहेर पडतं. ‘माका’, ‘तुका’ ऐकलं की हा मालवणाकडचा. ‘ये की’, ‘बस की’ म्हणाला की कोल्हापूरकडचा. तिकडची बाई ‘मी येतो’ म्हणते. लालबागला नवी आली की नळावरच्या बायका तिला हसायच्या, आणि वर्षभरात त्यांतलीच एखादी ‘बस की’ म्हणू लागायची!

एकेका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीनं झोपायचे, तिथं ह्या बोल्या मिसळल्या. साहेबाचं ‘थ्रॉसल’ आपण ‘त्रासन’ केलं. त्या खात्यातले हाल पाहता नाव चुकलं असं कोण म्हणेल?

पण एक गोष्ट झाकून चालणार नाही. साचेखात्यात धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य मानलेल्या कामगाराला तिथं घेत नसत, आणि पगार तर तिथंच जास्त. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. जात नुसती पाणवठ्यावर नव्हती, यंत्रापाशीही होती. एकाच भोंग्यावर आत जाणारे दोघे. एकाच्या तोंडी साचा नि धोटा, दुसऱ्याच्या तोंडी त्रासन नि बॉबिन.

मी शाळेत ‘पानी’ म्हणालो. मास्तरांनी उभं केलं, वर्ग हसला. घरी येऊन मी आईला म्हटलं, ‘पाणी म्हण.’ ती दिवसभर वाइंडिंगला उभी राहून आली होती. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

१ मे १९६० रोजी मराठी राज्य झालं. १९६४ चा राजभाषा कायदा आला. अर्ज मराठीत आले, पण ते ‘उपरोक्त’ आणि ‘अन्वये’चे! गिरण्या बंद पडल्यावर घराचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा चाळीस वर्षं मराठी बोललेला माणूस खिडकीशी मुका झाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे? शाळेत न टिकलेल्या त्या माणसानं वारणाकाठची बोली घेऊन ‘फकिरा’ लिहिली, १९५९ साली.

म्हणून पुढच्या बैठकीत ‘मला नीट बोलता येत नाही’ म्हणत शेजाऱ्याला पुढं करू नका. ‘माका’ म्हणा, ‘पानी’ म्हणा. लिहून घेणारा तसंच लिहून घेईल. त्याला तसं बजावलं आहे. तक्रारींची वही व्यासपीठाच्या डाव्या अंगाला ठेवली आहे.