शेतसारा आणि मत : जुन्या म्हैसूरचे तालुका-प्रतिनिधी

बंगळूरमध्ये मराठी वक्ता उभा राहिला की शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरुवात करतो. मी मात्र आज थेट १८८१ मध्ये उतरणार आहे, कारण माझा विषय तालुका हा आहे. आनेकल, होसकोटे, देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, नेलमंगल, मागडी... ही नावे आपण आता वाहनांच्या कोंडीत अडकून पाट्यांवर वाचतो. एकेकाळी या तालुक्यांचे प्रतिनिधी राज्याच्या दिवाणासमोर बसत.

इंग्रज कमिशनरांच्या पन्नास वर्षांच्या कारभारानंतर मार्च १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य चामराजेंद्र वडियार यांच्या हाती परत आले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने माणसे आणि गुरे दोन्ही खाल्ली होती. तिजोरीवर कर्ज होते आणि इंग्रजांची खंडणी चुकत नव्हती. अशा वेळी दिवाण रंगाचार्लू यांनी ऑगस्टमध्ये हुकूम काढला : लोकल फंडाच्या मंडळांनी प्रत्येक तालुक्यातून एकदोन जमीनदार धाडावेत, जिल्ह्यातून तीनचार व्यापारी यावेत. ७ ऑक्टोबरला, दसरा सरताच, १४४ जण म्हैसूरला जमले. रेल्वे तिथे पोचायला अजून काही महिने होते. ही झाली प्रजाप्रतिनिधी सभा.

तिला विधिमंडळ म्हणायचे का? मी म्हणणार नाही. दिवाण गेल्या वर्षाचा हिशेब सांगे, पुढच्या वर्षाचे बेत सांगे, आणि प्रतिनिधी आपापल्या तालुक्याची गाऱ्हाणी मांडत : तळे फुटले, रस्ता नाही, जंगलखाते गुरे चारू देत नाही. मतदान नाही, ठराव नाही. दरबारच होता, पण या दरबाराची कामकाजाची नोंद छापली जाई, आणि हा फरक लहान नाही. गाऱ्हाणे कागदावर गेले की पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा विचारता येते.

दहाएक वर्षांनी, शेषाद्री अय्यर दिवाण असताना, निवडणूक आली. मत कोणाला? जो ठरलेल्या रकमेइतका शेतसारा भरतो, किंवा मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, भरतो, त्याला. ही रक्कम तालुक्यागणिक वेगळी. म्हणजे मतदारयादी आणि महसुलाचे दप्तर यांत फारसे अंतर उरले नाही. खातेदाराला मत, त्याच्या शेतात राबणाऱ्याला नाही. आपल्या मुंबई इलाख्यातही वेगळे नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर तिथल्या ग्रामीण मतदारसंघात बहुतेक ठिकाणी ३२ रुपये शेतसाऱ्याची अट होती, रत्नागिरीसारख्या खडकाळ जिल्ह्यात १६. पुढे १९३७ च्या निवडणुकीसाठी ती ८ रुपयांवर आली. माणूस मोजण्याआधी जमीन मोजायची, हीच सगळीकडची पद्धत.

१९०७ मध्ये वेगळे विधिमंडळ निघाले, तेव्हा दिवाण होते व्ही. पी. माधवराव. हे तंजावरी मराठी घराण्यातले, पुढे बडोद्यालाही दिवाण झाले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे निघत नाही, याचे मला नवल वाटते. पुढचे एक दिवाण विश्वेश्वरय्या मात्र सर्वांना ठाऊक असतात, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे तरी.

जागा कोणाच्या पदरात पडतात हा प्रश्न इथेही उठलाच. १९१७ मध्ये ब्राह्मणेतरांची प्रजामित्र मंडळी स्थापन झाली, १९१८ मध्ये नोकऱ्यांतल्या वाट्याचा विचार करायला मिलर समिती नेमली गेली. मुंबई इलाख्यात त्याच सुमारास मराठ्यांसाठी सात जागा राखल्या गेल्या. दोन्हीकडची भाषा वेगळी, भांडण एकच : नोकऱ्या आणि जागा ब्राह्मणांच्या हाती किती असाव्यात? म्हैसूरच्या १९२३ च्या कायद्याने प्रजाप्रतिनिधी सभेला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला आणि बाई आहे एवढ्या कारणाने मत नाकारणे बंद झाले. शेतसाऱ्याची अट मात्र तिच्यासाठीही होतीच, आणि खाते बहुधा नवऱ्याच्या नावावर असे.

आता या शहराची एक गंमत. कँटोन्मेंट इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली, म्हैसूरच्या हद्दीत असून म्हैसूरचे नाही. त्यामुळे कमर्शिअल स्ट्रीटवरच्या धनाढ्य व्यापाऱ्याला या सभेत जागा नव्हती आणि होसकोट्याचा खातेदार मात्र दिवाणाला प्रश्न विचारू शके. खेड्याने शहरावर केलेली एवढी कुरघोडी मला दुसरी आठवत नाही. कँटोन्मेंट १९४७ मध्ये म्हैसूरकडे परतले. सभा १९४९ मध्ये बरखास्त झाली, आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत या तालुक्यांतले कूळ, शेतमजूर आणि त्यांच्या बायका शेतसाऱ्याची पावती न दाखवता मतदानाला गेल्या.