मुलांच्या हाती कारभार

आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी शाळेसाठी आणि गावासाठी काम करावं, पुढाकार घ्यावा, असं आपण सगळेच म्हणतो. शाळाशाळांतून त्याची रीतही ठरलेली आहे. जूनमध्ये वर्गप्रमुख नेमले जातात, शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी होतो, पावसाळ्यात वृक्षारोपण, 5 सप्टेंबरला स्वयंशासन दिन, 2 ऑक्टोबरला स्वच्छता आणि प्रभातफेरी. यातलं काहीच वाईट नाही. पण काय करायचं, कधी करायचं, कुणी करायचं हे शिक्षकांनी आधीच ठरवलेलं असतं. मुलं सांगितलेलं पार पाडतात. आरोग्यमंत्री झालेल्या मुलीला शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल एकही निर्णय घेता येत नसेल, तर वर्षअखेरीस तिच्याकडे बिल्ला उरतो, अनुभव उरत नाही. म्हणून माझं सांगणं असं की, मुलांना नुसतं काम देऊ नका, त्या कामाचा कारभार द्या. ठरवण्याचा अधिकार आणि हिशेब देण्याची जबाबदारी हाती आल्याशिवाय सेवेतून नेतृत्व घडत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला याचा दाखला बाहेर शोधावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीही इथे वसतिगृहं उभी राहिली. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील याच कोल्हापुरात शिकले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करत, पाणी भरत, शेतात राबत. ते कष्ट देखाव्याचे नव्हते. पाळी असलेल्या मुलांनी हात आखडला तर सगळ्यांच्या ताटावर परिणाम व्हायचा. कामाला खरा परिणाम असला की माणूस नियोजन शिकतो, दुसऱ्याच्या अडचणीचा विचार करतो, चुकलं तर दुरुस्त करतो. घरात ज्यांच्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं याच शिस्तीतून शिक्षक झाली, कार्यकर्ते झाली. पुढे गारगोटीला जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं, तेही शिक्षण आणि गावाचा विकास एकत्र बांधण्यासाठीच.

त्याच गारगोटी रस्त्यावर कोल्हापूरला लागून कळंबा आहे. इथला तलाव एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर शहराला पाणी मिळावं म्हणून बांधला गेला. नववीच्या वर्गाला यापेक्षा चांगलं काम कुठलं मिळणार? तलावाकाठचा कचरा एक दिवस गोळा करून फोटो काढला, तर पुढच्या आठवड्यात कचरा पुन्हा तिथेच असतो. त्याऐवजी चारपाच मुलामुलींच्या गटानं वर्षभर एक नोंदवही ठेवावी : पाण्याची पातळी, पाण्याचा रंग आणि वास, कचरा कुठून येतो, सांडपाणी कुठे मिसळतं, उत्सवानंतर निर्माल्य किती साचतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी पद्धत शिकवावी. काय नोंदवायचं ते मुलांनी ठरवावं. मग त्या नोंदींच्या आधारे मुलांनीच ग्रामपंचायतीला अर्ज लिहावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. मुलांना मतदानाचा अधिकार नसतो. पण पंधरा वर्षांची मुलगी आकडे घेऊन उभी राहिली, तर गावाला तिला उत्तर द्यावंच लागतं. लोकशाहीचा हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचून पुरत नाही.

पुराचंही तसंच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेनं जिल्ह्याला काय दाखवलं ते आपण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या मुलांना माहीत असतं. या माहितीला काम द्यायला हवं. नदीकाठच्या गावांतल्या मुलांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गल्लीतली एकटी राहणारी वृद्ध माणसं, आजारी माणसं, जनावरं यांची यादी करून ग्रामपंचायतीला द्यावी. पूररेषेबाहेरच्या शाळांनी स्थलांतरित कुटुंबांसाठी खोल्या, पाणी, लहान मुलांना सांभाळणं यांची आखणी मुलांकडून आधीच करून घ्यावी. पुराच्या पाण्याजवळ मात्र एकाही विद्यार्थ्याला पाठवू नये. ते काम प्रशिक्षित मोठ्यांचं आहे, आणि तलावाच्या काठावरही शिक्षक सोबत हवेतच.

पालकांचा पहिला आक्षेप अभ्यासाचा असतो, आणि तो रास्त आहे. दहावीचं वर्ष घरादाराला जड जातं. म्हणून आठवी-नववीला आठवड्याचे दोन तास द्यावेत आणि दहावीच्या मुलांनी दिवाळीपर्यंत कारभार नववीकडे सोपवावा. सोपवणं हेही शिक्षणच आहे. शिवाय नोंदी ठेवणं, अर्ज लिहिणं, चारचौघांत बोलणं यात भाषा, गणित आणि विज्ञान तिन्ही वापरात येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सेवेच्या नावाखाली मुलांना फुकट राबवलं जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणून पगारी माणसाचं काम मुलांवर ढकलायचं नाही, ही सीमा शाळेनं पाळलीच पाहिजे. झाडू मुलींच्या हाती आणि माईक मुलांच्या हाती, अशी वाटणी चालणार नाही. सफाई ठरावीक घरांतल्या मुलांनाच सांगितली जात असेल, तर तो शाहू महाराजांच्या कार्याचा अपमान आहे. कामं पाळीपाळीनं फिरली पाहिजेत, म्हणजे पुढारीपण दरवर्षी त्याच दोन हुशार, बोलक्या मुलांकडे जाणार नाही. बुजऱ्या मुलाकडे हिशेबाची वही द्या. पुढारीपण भाषणापुरतं नसतं, हे त्याला आणि वर्गालाही कळेल.

मुलं चुकतील, असं काही मुख्याध्यापक म्हणतील. चुकतीलच. 1992 साली भारतानं स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारात मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. मुलं चुकत नाहीत म्हणून तो दिलेला नाही. चूक लहान असताना, शिक्षक जवळ असताना झाली तर ती स्वस्तात शिकवते.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. या वर्षी एकच काम निवडा, त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढा आणि निर्णय मुलांवर सोपवा. जूनमध्ये लावलेली किती झाडं मे महिन्यात जगली, याचा हिशेब त्यांना पालकसभेत मांडू द्या. पालकांनो, त्या सभेला आवर्जून जा. आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पद मिळण्याची वाट बघू नका. शाळेतली एक अडचण नीट अभ्यासा, उपाय लिहून काढा आणि उद्याच वर्गशिक्षकांसमोर ठेवा.