कापूस आमचा, भोंगा मुंबईचा!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

आम्ही आज वडीगोद्रीचं गाऱ्हाणं मांडतो आहोत. अंबड तालुक्यातलं हे गाव. काळ्या जमिनीचा, पांढऱ्या सोन्याचा हा मुलूख. मग गिरणीचा भोंगा मुंबईतच का वाजला? मुंबईत तर बोंडही पिकत नव्हतं!

मुंबईला बंदर होतं, सूत तुटू न देणारी दमट हवा होती. १८५३ साली आगगाडी धावली, १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी निघाली. यंत्रं बोटीनं आली आणि घाम कोकण-घाटावरून आला. आमच्याकडे निजामी अंमल. जालन्याला रूळ पोचले ते १९०० च्या सुमारास.

पण यंत्रविद्या पुढं सरकली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. वीज तारेवरून कुठंही जाते. दमट हवा आता यंत्रानं करता येते. वडीगोद्रीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. १९७६ साली जायकवाडीचं धरण झालं, डाव्या कालव्याचं पाणी अंबड तालुक्यात आलं. मग भूगोलाची सबब कशाला?

१९८२ च्या संपानंतर मुंबईचे भोंगे थांबत गेले, गिरण्यांच्या जागी टॉवर चढले. पण त्यांचं बरंचसं काम कापसाच्या शेताकडे न वळता भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. निसर्ग थोडं ठरवतो, यंत्र थोडं ठरवतं. उरलेलं सरकार आणि भांडवल ठरवतं. तिथंच आपला जोर लागला पाहिजे!

१ मे १९६० ला मराठी राज्य मिळालं, सीमाभाग अजून बाहेर आहे. आमचं म्हणणं एवढंच: भाषेचं राज्य कामाचंही व्हावं. जिथं कापूस, तिथं सूत. जिथं सूत, तिथं पगार!

जय महाराष्ट्र!