वल्ह्यांची शर्यत आणि महाविद्यालयीन विद्यार्थी

खजराना म्हटले की मराठी माणसाला तेथील गणपती आठवतो. होळकरांच्या काळापासून इंदूर व त्याच्या परिसरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, कुस्ती हे खेळ त्यांच्या मुलांच्या परिचयाचे. परंतु नौकानयन, म्हणजे वल्ह्यांनी नौका हाकण्याची शर्यत, हा विषय अशा घरांतून क्वचितच निघतो. कारण उघड आहे. इंदूरला मोठी नदी नाही. सिरपूर आणि यशवंतसागर हे जलाशय २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झाले असून तेथे पहिला मान पाणथळीचा व पक्ष्यांचा आहे. जेथे पाणीच नाही तेथील मुलाने पाण्यावरचा खेळ खेळावा कसा, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो गैर नाही. त्याचे उत्तर मात्र नाशिक जिल्ह्यातील एका अवर्षणग्रस्त गावाने देऊन ठेवले आहे.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दत्तू बबन भोकनळ यांचे गाव. वडील विहिरी खणण्याच्या कामावर जात आणि दत्तू त्यांच्या हाताखाली राबत. २०११ साली वडील वारले व कुटुंबाचा भार या तरुणावर आला. २०१२ साली ते सैन्यात दाखल झाले. सहा फुटांवरची त्यांची उंची तेथील प्रशिक्षकांच्या नजरेत भरली आणि त्यांना वल्हवण्यासाठी निवडण्यात आले. तोवर त्यांनी वल्हे हाती धरलेले नव्हते. उलट पाण्याची धास्तीच होती. अवघ्या चार वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून ते रिओ ऑलिंपिकला गेले व एकेरी नौकेच्या स्पर्धेत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रकृती बिघडल्यामुळे एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते मागे पडले; पण दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्ट रोजी, स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासमवेत चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

या उदाहरणातून शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. जलतरण वा जिम्नॅस्टिक्स बालपणीच हाती घ्यावे लागते. वल्हवण्याचे तसे नाही. अठराव्या, विसाव्या वर्षी सुरुवात करूनही या खेळात वरची पायरी गाठता येते. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा उंच, लांब हातापायांचा, दमसासाचा मुलगा किंवा मुलगी कोणत्याच संघात बसत नसेल, तर येथे तिची जागा असू शकते. स्त्रियांच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून होत आहेत.

तथापि दत्तू यांच्या पाठीशी सैन्य होते. नौका, प्रशिक्षक, पोटभर सकस अन्न आणि सरावाला मोकळा वेळ, हे सारे त्यांना तेथे लाभले. स्पर्धेची एक नौका काही लाख रुपयांची असते. ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील वस्तू नव्हे. म्हणून बारावीनंतर कोणत्या गावी, कोणत्या संस्थेत प्रवेश घ्यावा हा प्रश्न या खेळात निर्णायक ठरतो.

शर्यतीचे प्रचलित अंतर २००० मीटर आहे. एकेरी नौका सुमारे आठ मीटर लांब, हातभर रुंद आणि किमान १४ किलो वजनाची असते. आठ जणांची नौका याच्या दुपटीहून लांब असून तिच्यात सुकाणू सांभाळणारा नववा गडी बसतो. वल्हवणारा गतीच्या दिशेकडे पाठ करून बसतो. बैठक चाकांवर मागेपुढे सरकते. त्यामुळे पाहणाऱ्याला हातांचा वाटणारा हा खेळ वस्तुतः पायांचा आहे: पायांनी फळीवर रेटा द्यावयाचा, मग पाठ, आणि शेवटी हात. शर्यत सहा ते सात मिनिटांत संपते. पण त्या मिनिटांसाठी अनेक महिने मिनिटाला अठरा-वीस वल्ह्यांच्या संथ लयीत मैलोगणती नौका चालवावी लागते. तळहातांना फोड येतात, पहाटेची झोप जाते. शिवाय संघातील एकाची लय चुकली की साऱ्या नौकेचा वेग मोडतो.

पाण्यापूर्वीची तयारी मात्र खजरान्यातही होऊ शकते. पहिली अट पोहण्याची. चांगले पोहता आल्याखेरीज कोणालाही नौकेत बसू देऊ नये, आणि उलटलेल्या नौकेला धरून राहण्याचा सराव आधी करून घ्यावा. धावणे, सायकल, जोर-बैठका यांनी दमसास व पायांचे बळ वाढते. काही व्यायामशाळांत वल्हवण्याचे यंत्र असते. त्यावर २००० मीटरला लागणारा वेळ हीच जगभर निवडीची पहिली कसोटी मानली जाते. अमेरिकेतील विद्यापीठे, जेथे येल व हार्वर्ड यांची पहिली शर्यत १८५२ साली झाली, खेळाडू घेताना प्रथम हाच आकडा विचारतात. यंत्रावरचा वेळ उत्तम असला म्हणजे नौका चालवता येतेच असे नाही, हे अनुभवी प्रशिक्षक जाणतात. पण दार त्याने उघडते.

इंदूरच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे पाणी भोपाळचे. तेथील मोठ्या तलावावर मध्य प्रदेश शासनाच्या जलक्रीडा अकादमीत या खेळाचे शिक्षण मिळते. पुण्यात मुळा नदीकाठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून चालू आहे. त्याचा व तेथील वार्षिक रेगाटाचा कारभार विद्यार्थीच पाहतात. शहरातील सांडपाणी आणि जलपर्णी यांनी नदीची दुर्दशा केली आहे. तशा पाण्यावर मुले वल्ही मारतात, ही गोष्ट नदीकाठच्या प्रशासनाला भूषणावह नाही. पुण्याजवळच दापोडी येथे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. याखेरीज आंतरविद्यापीठ स्पर्धा चंडीगडच्या सुखना तलावावर भरलेल्या आहेत, आणि २०२३ साली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत या खेळाचा प्रथमच समावेश होऊन गोरखपूरच्या रामगढ तालावर शर्यती झाल्या.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरण्यासाठी विद्यार्थ्याचे नाव त्याच्या विद्यापीठाने पाठवावे लागते. अनेक विद्यापीठे नौकानयनाचा संघच पाठवीत नाहीत, आणि हे विद्यार्थ्याला प्रवेश घेतल्यावर कळते. तेव्हा पालकांनी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच क्रीडा विभागाकडे चौकशी करावी: गेल्या वर्षी संघ गेला होता काय, सराव कोणत्या पाण्यावर होतो, नौका व प्रशिक्षक कोणाचे, सरावाच्या वेळी बचाव-नौका सोबत असते काय, वसतिगृह त्या पाण्यापासून किती अंतरावर आहे, सकाळच्या तासाला उशीर झाल्यास हजेरीची सवलत मिळते काय. शक्यतो ही उत्तरे लेखी घ्यावीत, आणि मुलाला घेऊन एकदा पहाटे त्या काठावर जाऊन यावे.